झारी मोकळी होईपर्यंत

चार कुंड्या आणि दोन वाफे यांना बाग म्हणण्याचे धाडस मी पुष्कळ वर्षे करत आलो आहे. त्या बागेत सर्व जीवमात्रांना मुक्तद्वार द्यावे, ही कल्पना मात्र अलीकडची. एका सकाळी मी घरच्यांसमोर जाहीर केले की यापुढे येथे कीटकनाशकाचा थेंबही पडणार नाही, वाळलेला पाला कोपऱ्यातच राहील, उथळ थाळीत पाणी ठेवले जाईल आणि जो जीव येईल त्याचे स्वागत होईल. "आले की मग तूच बघ," एवढेच आई म्हणाली. त्यातला 'तूच' मी तेव्हा नीट ऐकायला हवा होता.

थाळीवर पक्षी आले नाहीत, डासांच्या अळ्या आल्या. उबदार हवेत डासाला अंड्यापासून पंखांपर्यंत पोहोचायला आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून ते पाणी दर दोन दिवसांनी ओतून थाळी घासावी लागते. आजवर स्वतःच्या जेवणाचे ताट न घासलेला मी न आलेल्या पक्ष्यांची थाळी नेमाने घासू लागलो, आणि याची घरात मुद्दाम मोठ्या आवाजात नोंद घेतली गेली.

त्यामुळेच, एके दिवशी कागदी लिंबाच्या पानांवर पांढरट-तपकिरी शिंतोडे दिसले तेव्हा मला आनंदाचे भरते आले. पक्षी येऊन, बसून, खूण ठेवून गेले होते! झाड आईचे, तेव्हा निदान पाने तरी पुसून ठेवावीत म्हणून मी ओले फडके लावले, तोच त्या शिंतोड्याने डोके वर केले, मानेतून नारिंगी दुहेरी शिंग बाहेर काढले आणि असा काही उग्र दर्प सोडला की फडके एकीकडे आणि मी दुसरीकडे झालो.

ती फुलपाखराची अळी होती. लिनियसने १७५८ मध्ये ज्याला 'पॅपिलिओ डेमोलिअस' हे नाव दिले, ते हे काळे-पिवळे फुलपाखरू. त्याची अळी लहानपणी पक्ष्याच्या विष्ठेचे सोंग घेते, म्हणजे पक्षी तिच्याकडे ढुंकून पाहत नाहीत. पक्षी फसावेत म्हणून केलेल्या सोंगाला पक्ष्यांची वाट पाहणारा माणूसच तेवढा फसला, हे मी घरात सांगितले नाही. त्याच वेळी आणखी एक गोष्ट मला कळली, ती रोपे आणण्यापूर्वी कळली असती तर बरे झाले असते. मोठे फुलपाखरू मध कोणत्याही फुलाचा पिते, परंतु अंडी घालायला त्याला लिंबाच्या कुळातलेच झाड लागते. मी हौसेने लावलेली फुलझाडे म्हणजे केवळ उपाहारगृह होते. सूतिकागृह आईच्या लिंबावर उघडले होते.

"झाड माझं आहे," आई म्हणाली. बऱ्याच वाटाघाटींनंतर दोन फांद्या अळ्यांना देण्याचे ठरले. करार अळ्यांना मान्य नव्हता. कात टाकून त्या हिरव्यागार झाल्या, बोटाएवढ्या फुगल्या आणि तिसऱ्या फांदीच्या शिरा तेवढ्या शिल्लक ठेवून चौथीकडे वळल्या.

दरम्यान बुलबुलांची एक जोडी खरोखरच आली आणि तिने दाराजवळच्या टांगत्या कुंडीत वाटीएवढे घरटे बांधले. त्या कुंडीला पाणी घालणे बंद झाले, दार मोठ्याने लावणे बंद झाले, आणि पुढचे दोन आठवडे, म्हणजे अंडी उबेपर्यंत, आम्ही मागच्या दाराने ये-जा केली. तीन पिल्ले बाहेर आली, तेव्हा मी स्वतःच बाप झाल्यासारखा पेढ्यांच्या गोष्टी करू लागलो. पण बुलबुल एरवी फळे खात असला तरी पिल्लांना मऊ, रसरशीत किडे भरवतो, आणि असे किडे हातभर अंतरावर, हिरव्या सोंगातही ओळखू येतील इतके गलेलठ्ठ होऊन बसले होते.

दोन्हीही माझेच पाहुणे. एकाने दुसऱ्याला खावे की नाही, यावर यजमानाने काय बोलावे? निसर्गात ढवळाढवळ करू नये, असे मी गंभीरपणे म्हणत असताना आईने बाजू बदलली. "इतके दिवस माझी पाने खाऊन वाढल्यात, त्या काय याच्यासाठी?" असे म्हणून तिने जुन्या मच्छरदाणीचा तुकडा एका फांदीभोवती बांधला, कडा नीट आत खोचल्या आणि वर्तमानपत्र घेऊन शेजारी खुर्ची टाकली. आतल्या अळ्या आईच्या, बाहेरच्या बुलबुलांच्या, अशी वाटणी झाली. माझ्या वाट्याला थाळी होतीच.

पूर्ण वाढलेली अळी कोष करण्यासाठी पुष्कळदा झाड सोडून निघते, हे आईला आणि मच्छरदाणीला ठाऊक नव्हते. एक अळी फटीतून निसटली. दोन दिवसांनी ती सापडली झारीच्या मुठीवर, कमरेभोवती रेशमी धाग्याचा पट्टा बांधून, तपकिरी कोष होऊन. झारी हलवायची नाही, असा आईचा हुकूम सुटला. मी सगळ्या झाडांना तांब्याने पाणी घालू लागलो, त्यात कंबर धरली. बुलबुलांची पिल्ले या काळात उडून गेली. निरोपादाखल त्यांनी पायरीवर अस्सल शिंतोडे ठेवले होते, पण ते पुसताना मी आधी काडीने ढोसून पाहिले.

अकराव्या दिवशी सकाळी कोष फुटला. चुरगळलेले पंख खाली सोडून फुलपाखरू तासभर मुठीला लटकून राहिले, मग माझ्या एकाही फुलाकडे न पाहता कुंपणापलीकडे गेले. आई बराच वेळ त्या दिशेला पाहत होती. मी झारी उचलली, पाणी भरले आणि वाकवली, पाणी येईना. तोटीच्या तोंडावर ओल्या मातीचे गुळगुळीत बूच बसले होते. गांधीलमाशीच्या जातीतली एक एकांडी गवंडीण आत आपले अंडे आणि त्याच्यासाठी दंश करून लुळी केलेली शिदोरी कोंडून गेली होती.

"शिदोरी कसली?" आईने विचारले.

"अळ्यांची," मी म्हणालो, आणि पाणी हळूच ओतून देऊन तांब्या आणायला आत गेलो.