‘आधी गुण, मग छंद’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

परवा रात्री ताईचा फोन आला. भाच्याला शाळेच्या नाटकातून काढलं म्हणाली. का, तर गणितात गुण कमी पडले, आणि नेमका त्याच दिवशी तिला व्हॉट्सअॅपवर ‘हुशार मुलांच्या पालकांचे पाच नियम’ हा मेसेज आला. मलाही तो आतापर्यंत तीन ग्रुपवर आलाय. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: खेळ, चित्रकला, गाणं यांना शाळेत दिलेला प्रत्येक तास अभ्यासातून कापला जातो. आईन्स्टाईनसारखी माणसं एकाच विषयाचा ध्यास घेऊन मोठी झाली. छंदांनी बुद्धी वाढते हे थोतांड आहे. मूल मागे पडलं की आधी त्याचे सगळे उपक्रम बंद करा. आणि हौसच असेल तर बाहेर क्लास लावा, ते शाळेचं काम नव्हे.

फोनवर मला धड बोलता आलं नाही, इतका चिडलो होतो. म्हणून लिहून काढतोय.

आईन्स्टाईनचं आधी उरकतो. तो साधारण सहा वर्षांचा असल्यापासून व्हायोलिन शिकला. आई पियानो वाजवायची, तिनेच त्याला शिकायला घातलं. पुढे आयुष्यभर तो वाजवत राहिला. एवढी साधी गोष्टही न तपासता त्याचं नाव पालकांना घाबरवायला वापरलंय.

तासांचा हिशेब मात्र वरवर बिनतोड वाटतो. दिवसाचे तास ठरलेले, एकाला दिले की दुसऱ्याचे गेले. पण हा हिशेब प्रत्यक्ष करून पाहिलेला आहे. कॅनडातल्या क्यूबेक प्रांतात त्र्वा-रिव्हिएर भागात १९७० च्या दशकात प्राथमिक शाळेतल्या ५४६ मुलांचा अभ्यास झाला. त्यातल्या एका गटाला रोज एक तास जादा शारीरिक शिक्षण दिलं आणि त्यासाठी बाकीच्या विषयांचा वेळ १३ ते १४ टक्क्यांनी कमी केला. पहिलीत ही मुलं थोडी मागे होती. पुढच्या इयत्तांमध्ये, कमी वेळ शिकूनही, त्यांचे गुण दुसऱ्या गटापेक्षा चांगले आले. त्रुदो आणि शेफर्ड या संशोधकांनी २००८ साली अशा अनेक अभ्यासांचा आढावा घेतला, आणि नीट शिकवणारा शिक्षक असेल तर इतर विषयांचा वेळ खेळाला दिल्याने गुणांचं नुकसान होत नाही असाच निष्कर्ष काढला. यातली शिक्षकाची अट महत्त्वाची आहे. चेंडू देऊन मुलांना मैदानावर सोडून देणं म्हणजे शारीरिक शिक्षण नव्हे.

थोतांडाच्या मुद्द्यात अर्धं खरं आहे, तेवढं कबूल करावं लागेल. ‘मोझार्टचं संगीत ऐकवा, मूल हुशार होईल’ हे खूळ १९९३ च्या ज्या प्रयोगावरून पसरलं, तो कॉलेजच्या ३६ विद्यार्थ्यांवर केला होता आणि त्याचा परिणाम जेमतेम १०-१५ मिनिटं टिकला होता. बुद्धिबळाने गणित सुधारतं असंही क्लासवाले सांगतात. इंग्लंडमध्ये १०० शाळांत तीस आठवडे बुद्धिबळ शिकवून एका वर्षाने गणित तपासलं, तर काहीच फरक दिसला नाही. ते निष्कर्ष २०१६ साली आले. पण म्हणून बुद्धिबळ काढून टाकायचं? मूल बुद्धिबळ शिकलं, ही काय कमी गोष्ट झाली? आणि सगळीकडे हात रिकामेच राहतात असंही नाही. ह्यूस्टनमध्ये ४२ शाळांतून सोडत काढून काही शाळांना कलाशिक्षण वाढवून दिलं, दहा हजारांवर मुलं होती. तिथे शिस्तभंगाचे प्रकार कमी झाले आणि लेखनाच्या परीक्षेतले गुण वाढले.

आता तो नियम, ज्यामुळे आमच्या घरात एक मुलगा दोन दिवस कोणाशी बोललेला नाही. ‘मूल मागे पडलं की उपक्रम बंद.’

भाचा अकरा वर्षांचा आहे. तो वाचताना अडखळायचा. शब्दाचं पहिलं अक्षर बघून बाकीचा अंदाजाने ठोकून द्यायचा, आणि वर्गात उभं राहून वाचायची पाळी आली की त्याचं पोट दुखायचं. नाटकात त्याला दीपगृहाच्या रखवालदाराचं काम मिळालं. त्याची संहिता मी पाहिलीय. पाच पानं, कडा मऊ पडलेल्या. प्रत्येक संवादात श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलीने उभी रेघ. ‘वादळ’ या शब्दाखाली दोन रेघा, कारण तिथे आवाज खाली आणायचा असं बाईंनी सांगितलं होतं. ते पान त्याने पन्नासदा तरी मोठ्याने वाचलं असेल.

वाचन सुधारायचा हाच तर जुना, तपासलेला मार्ग आहे. कोणीतरी सोबत बसून, चुका सांगत, तोच मजकूर पुन्हा पुन्हा मोठ्याने वाचून घ्यायचा. अमेरिकेच्या नॅशनल रीडिंग पॅनेलने २०००च्या अहवालात हे स्पष्ट म्हटलंय की अशा वाचनाने ओघ सुधारतो, शब्द ओळखता येतात आणि अर्थही जास्त कळतो. शब्द जुळवण्यात जाणारी शक्ती मोकळी होते, ती अर्थाकडे वळते. वाचायला बस म्हटलं तर हा मुलगा एकच उतारा तीनदाही वाचणार नाही. नाटकासाठी त्याने तो आपणहून वाचला. ताईने बंद केलं ते नेमकं हे.

आणि गणित? मी त्याची वही मागवून पाहिली. त्याने एक द्वितीयांश आणि एक तृतीयांश यांची बेरीज दोन पंचमांश लिहिलीय. अंशात अंश, छेदात छेद मिळवलाय, आणि पानभर हेच केलंय. त्याला ही एकच गोष्ट समजलेली नाही. तालमीचा वेळ काढून घेतला आणि अजून तीस गणितं दिली, तर तीही तो अशीच सोडवेल.

मागे पडलेल्या मुलाला शाळेत रोज आपण कमी आहोत हे ऐकावं लागतं. एखाद्या ठिकाणी लोक त्याची वाट बघतात, तो आला नाही तर काम अडतं. तीच जागा आधी काढून घ्या म्हणणारा नियम मला क्रूर वाटतो, आणि तो पुढे पाठवणाऱ्या प्रत्येकाने हे एकदा आपल्या मुलाचं नाव घालून वाचावं.

बाहेर क्लास लावायच्या मुद्द्यावर फार लिहीत नाही. ज्यांना परवडतो ते लावतीलच. ज्यांना परवडत नाही त्यांच्या मुलांच्या हातात ब्रश, वाद्य किंवा संहिता फक्त शाळेतच येते. आठवड्याला सहा-सहा क्लास लावून मुलाला झोपू न देणारे पालकही आहेत, ते चूकच. पण त्याचा शाळेतल्या दोन तासांशी काय संबंध?

ताई, मी रविवारी येतोय. कागदाच्या पट्ट्या घेऊन येईन. एक पट्टी दोन भागांत, एक तीन भागांत, दोन्ही सहा भागांत दुमडून दाखवल्या की छेद सारखे का करायचे ते त्याला दिसेल. चार-पाच संध्याकाळी पुरतील. तू फक्त उद्या सकाळी बाईंना फोन कर. रखवालदाराचं काम त्यांनी अजून दुसऱ्या कोणाला दिलेलं नाही, मी विचारून घेतलंय.