न्यू जर्सीत ‘डीडब्ल्यूआय म्हणजे नुसतं ट्रॅफिक तिकीट’ हा फॉरवर्ड कृपया पुढे पाठवू नका

लाँग वीकेंड जवळ आला की एडिसन, प्लेन्सबरोकडच्या आपल्या मराठी ग्रुप्सवर हा मेसेज हमखास फिरायला लागतो. थोडक्यात सांगायचं तर त्यात म्हटलंय की न्यू जर्सीत दारू पिऊन गाडी चालवणं, म्हणजे डीडब्ल्यूआय, हा क्राइम नाही, तिकीट आहे, दंड भरा आणि मोकळे व्हा. श्वासातली दारू मोजणाऱ्या मशीनमधे फुंकायला नकार द्या म्हणजे पुरावाच राहत नाही. तसंही मशीन खोटी असतात, कोर्टाने वीस हजार केसेस उडवल्यात. गाडीत झोपून राहिलात तर पोलीस काही करू शकत नाहीत. अटक झालीच तर मित्राला बोलवा, तो घेऊन जाईल. आणि दहा वर्षांनी रेकॉर्ड साफ होतो. यातलं प्रत्येक वाक्य खऱ्याच्या इतकं जवळून जातं की शहाणी माणसंही फसतात, म्हणून एकेक घेतो.

पहिलं, क्राइम नाही. हे खरंच आहे, डीडब्ल्यूआयचं ३९:४-५० हे कलम ट्रॅफिकच्या कायद्यात आहे, क्रिमिनल कोडमधे नाही. पण म्हणून ते सौम्य होत नाही, उलट सुटायच्या वाटा कमी होतात. केस म्युनिसिपल कोर्टात एकट्या जजसमोर चालते, ज्युरी मिळत नाही, कारण जास्तीत जास्त कैद १८० दिवस, म्हणजे सहा महिन्यांच्या आतच बसवलेली आहे. पहिल्याच वेळी ३० दिवसांपर्यंत जेल देणं जजच्या हातात असतं. रक्तातलं अल्कोहोल ०.०८ टक्क्यांपासून ०.१० च्या खालपर्यंत असेल तर दंड २५० ते ४०० डॉलर आणि त्याच्या वर ३०० ते ५००, हा आकडा वाचून लोक निश्चिंत होतात, पण सरचार्ज दर वर्षी १,००० डॉलर असा तीन वर्षं भरावा लागतो, शिवाय कोर्टाच्या फिया, १२ ते ४८ तासांचा आयडीआरसीचा (दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांसाठीच्या केंद्राचा) क्लास आणि वाढलेला इन्शुरन्स वेगळाच.

आणि इंटरलॉक, म्हणजे श्वासात दारू आढळली तर गाडी सुरूच होऊ न देणारं यंत्र. डिसेंबर २०१९ पासून पहिल्या वेळेलाही हे गाडीत बसवावं लागतं, ०.०८ ते ०.१० मधे असाल तर ३ महिने, त्याच्या वर असाल तर ७ महिने ते वर्षभर. आणि ते बसवेपर्यंत लायसन्स बंद. गाडी सुरू करायच्या आधी नळीत फुंकायचं, मग चालवतानाही मधेच बीप वाजली की परत फुंकायचं, मागच्या सीटवर शाळेत सोडायची पोरं बसलेली असली तरी. ०.१५ किंवा जास्त आलं तर ४ ते ६ महिने गाडीच चालवायची नाही आणि त्यानंतर परत ९ ते १५ महिने इंटरलॉक. ऑफिसला जाण्यापुरतं लायसन्स काही राज्यांत मिळतं तसं न्यू जर्सीत मिळत नाही. दुसऱ्या वेळी किमान ४८ तास कैद आणि १ ते २ वर्षं लायसन्स बंद, तिसऱ्या वेळी १८० दिवस आणि ८ वर्षं. २०२४ च्या फेब्रुवारीपासून प्ली बार्गेनला, म्हणजे गुन्हा कबूल करून शिक्षा कमी करून घ्यायला, परवानगी मिळाली हे खरं, पण तो सरकारी वकिलाशी करायचा सौदा आहे, तुमचा हक्क नाही.

दुसरं, फुंकायला नाही म्हणा. हा सल्ला सगळ्यात वाईट आहे. न्यू जर्सीच्या रस्त्यावर गाडी चालवली म्हणजे श्वासाच्या टेस्टला संमती दिली असं कायदा धरूनच चालतो. नकार दिला की ते डीडब्ल्यूआयच्या जोडीला वेगळं प्रकरण होतं, पहिल्या वेळीच दंड ३०० ते ५०० आणि इंटरलॉक ९ ते १५ महिने. स्टेशनवर पोलीस एक ठरलेलं स्टेटमेंट वाचून दाखवतो, त्यावर स्पष्ट हो सोडून काहीही बोललात, अगदी ‘आधी वकिलाशी बोलू द्या’ म्हणालात किंवा गप्प बसलात, तरी तो नकारच. आणि आकडा नसला तरी केस उभी राहते कारण वास, लाल डोळे, अडखळणारं बोलणं, गाडी कशी चालत होती, एवढ्यावरही जज दोषी ठरवू शकतो. याच कारणाने ०.०८ च्या खाली असलं की सेफ हेही चूक आहे, आणि २१ वर्षांखालच्या मुलांना तर ०.०१ च पुरतं.

तिसरं, वीस हजार केसेस. हे प्रकरण आपल्याच भागातलं आहे. स्टेट पोलिसांतल्या एका सार्जंटने अल्कोटेस्ट या श्वास तपासायच्या मशीनच्या कॅलिब्रेशनमधली थर्मामीटरची एक पायरी वगळली, त्याच्याकडे मिडलसेक्स, मॉनमथ, ओशन, सॉमरसेट आणि युनियन या पाच काउंटी होत्या. २०१८ मधे न्यू जर्सी सुप्रीम कोर्टाने त्या मशीनवरच्या २०,००० हून जास्त टेस्टचे आकडे पुरावा म्हणून बाद केले. आकडे बाद केले, शिक्षा आपोआप पुसल्या नाहीत. आजच्या मशीनवर आलेल्या आजच्या आकड्याशी त्याचा काही संबंध नाही.

गाडीत झोपणं. इंजिन सुरू ठेवून पार्किंग लॉटमधे ड्रायव्हर सीटवर झोपलेल्या माणसाला दोषी ठरवलेलं इथल्या कोर्टांनी कायम केलेलं आहे. गाडी हललेली असायलाच हवी असं नाही. झोपायचंच असेल तर ज्यांच्याकडे जेवलात त्यांच्या सोफ्यावर झोपा.

दहा वर्षांचं म्हणाल तर त्याचा अर्थ एवढाच की दुसरी वेळ पहिलीनंतर १० वर्षांहून उशिरा आली तर शिक्षा पहिल्यासारखी देतात. रेकॉर्ड जात नाही. क्राइम नाही म्हणून एक्सपंजमेंटचा, म्हणजे कोर्टाकडून रेकॉर्ड पुसून घ्यायचा मार्गही नाही, तो कायदाच क्रिमिनल रेकॉर्डसाठी आहे.

एच-वन वाल्यांसाठी तर मेसेजमधे एक अक्षर नाही. २०१५ पासून अशा नुसत्या अटकेवरूनही परराष्ट्र खातं व्हिसा रद्द करू शकतं, कोर्टाचा निकाल यायच्या आधीच. अमेरिकेत राहण्याचा स्टेटस त्याने लगेच जात नाही, पण बहिणीच्या लग्नाला पुण्याला गेलात की परतायला नवीन व्हिसा हवा, आणि त्याआधी कॉन्सुलेटने नेमलेल्या डॉक्टरकडे तपासणी. हे सगळं त्या ‘नुसत्या तिकिटा’वरून.

शेवटी मेसेजमधला तो सल्ला, अटक झालीच तर मित्राला बोलवा, तो घेऊन जाईल. जुलै २००० मधे न्यू जर्सीत नेमकं हेच झालं. पोलिसांनी दारूत पकडलेल्या माणसाला मित्राच्या हवाली केलं, मित्राने त्याला परत त्याच्या गाडीपाशी सोडलं, आणि काही तासांत त्याची गाडी जॉन एलियट नावाच्या तरुण नेव्ही ऑफिसरच्या गाडीवर समोरून आदळली. एलियट आईच्या वाढदिवसाला घरी निघाला होता. दोघेही गेले. त्यातून आलेल्या जॉन्स लॉमुळे आता अटक झालेल्याची गाडी किमान १२ तास जप्त ठेवतात, आणि न्यायला आलेल्या मित्राला ‘तुमच्यावरही जबाबदारी येऊ शकते’ अशी लेखी सूचना देऊन त्याची सही घेतात. शिवाय प्यायलेल्या माणसाला आपली गाडी चालवू दिली तर मालकालाही हेच ३९:४-५० कलम लागतं, तेव्हा पार्टी संपल्यावर किल्ली मागणाऱ्या मित्राला उबर बोलावून द्या.