तिला पुढचा प्रश्न कोण विचारणार?

आज भाचीच्या कॉलेजात पालकसभेला गेले होते. एक सर माइकवरून म्हणाले, "हल्ली मुलं मोबाईलशी इंग्रजी बोलत बसतात. असं कुठे इंग्रजी येतं का?" सगळे हसले. भाची शेजारी मान खाली घालून बसली होती. तेव्हापासून डोकं तापलंय माझं.

पोरगी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलेली. राज्यात 2000 पासून पहिलीपासून इंग्रजी आहे ना? इतकी वर्षं शिकून तिनं इंग्रजीत कुणाला साधा पत्तासुद्धा सांगितला नव्हता. बारावीला तोंडी परीक्षेचे 20 गुण असतात, ते हिनं पाठ करून मिळवले. पाठ केलेलं संपल्यावर "का गं?" असं विचारणारं कुणी नव्हतंच.

आता जेवणं झाली की ती गच्चीवर जाते आणि मोबाईलवरच्या चॅटजीपीटीला सांगते, तू माझी मुलाखत घे, हळू बोल, मी अडखळले तर थांब, चुका शेवटी सांग. परवा जिन्यातून ऐकलं मी. हिचा प्रोजेक्ट ठिबक सिंचनावर. त्यानं विचारलं, पाण्यात क्षार असले तर नळ्या तुंबत नाहीत का? आणि ही बोलायला लागली! बाबा ॲसिड सोडून नळ्या कशा साफ करतात, कुठली काळजी घेतात, सगळं. व्याकरण मोडकं होतं, पण बोलणं तिचं स्वतःचं होतं.

चॅटजीपीटी उगाच कौतुक करतं, आपल्या गावांची नावं भलतीच ऐकतं, मान्य.

सरांचंही कळतं मला. भरलेल्या वर्गात एका तासात प्रत्येक मुलाच्या वाट्याला मिनिटभरही येत नाही. एकटा माणूस किती जणांना बोलतं करणार?

पण मग हसता कशाला? ज्यांच्या घरात इंग्रजी बोलतात त्यांना सरावाला माणसं आहेत. आमच्या घरात कोण आहे? वर्गातच एका मोबाईलभोवती तिघं बसवा. एकानं उत्तर द्यायचं, बाकीच्या दोघांनी पुढचा प्रश्न काढायचा. चुकीचे उच्चार सर सुधारतील, ते काम त्यांनाच चांगलं जमतं.

सोमवारी प्राचार्यांना भेटून यासाठी तासाची शेवटची दहा मिनिटं मागणार आहे. त्या कॉलेजात कुणाची मुलं असतील तर सोबत या, एकटीचं ऐकणार नाहीत.