वारसा यादीमुळे इमारती पडत नाहीत: एका फिरत्या संदेशाला उत्तर

पावसाळा तोंडावर आला, म्हाडाची, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाची, अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर झाली, की गिरगाव-दादरच्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप गटांत एक संदेश हमखास फिरायला लागतो. मजकूर थोडक्यात असा: इमारतीला हेरिटेजचा शिक्का बसला की ती गोठली. खिळा ठोकायचा तरी वारसा समितीची परवानगी लागते. दुरुस्ती करता येत नाही, म्हणून या इमारती पडतात. शंभर मीटरच्या आत कुणालाच काही बांधता येत नाही. मालकाला भरपाई शून्य. समिती म्हणजे दक्षिण मुंबईतल्या मूठभर श्रीमंतांचं मंडळ आणि त्यांचा शब्द अखेरचा. आणि हे सगळं कशासाठी, तर इंग्रजांच्या खुणा जपायला. म्हणून महापालिकेची हेरिटेज इमारतींची यादी, म्हणजे वारसा यादीच, रद्द करा.

हा संदेश पुढे पाठवणाऱ्यांची भीती खोटी नाही. ज्यांच्या जिन्याला टेकू लावलेत, ज्यांच्या खोलीत पावसात बादल्या मांडाव्या लागतात, त्यांना कुणीतरी एक कारण हवं असतं आणि ‘हेरिटेज’ हे कारण पटकन पटतं. पण ते कारण चुकीचं आहे. चुकीच्या कारणामागे धावण्यात दुरुस्तीची वर्षं निघून जातात, म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

खिळ्यापासूनच सुरुवात करू. मुंबईची वारसा नियमावली २१ एप्रिल १९९५ ला लागू झाली. देशात एखाद्या शहरासाठी अशी नियमावली होण्याची ती पहिलीच वेळ. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत तो ६७ वा नियम होता, आताच्या, २०३४ पर्यंतच्या आराखड्याच्या नियमावलीत तो ५२ वा आहे. यादीतल्या इमारतीत पाडकाम, फेरफार, वाढीव बांधकाम, दुरुस्ती, अगदी रंगकाम आणि गिलावासुद्धा महापालिका आयुक्तांच्या पूर्वपरवानगीनेच करायचा, असं त्यात म्हटलं आहे. म्हणजे परवानगी लागते, हे खरं. पण परवानगी घ्यावी लागणं वेगळं आणि मनाई असणं वेगळं. घरात मोरीच्या जागी संडास-बाथरूम करायचं तरी पालिकेला विचारावं लागतं. म्हणून कुणी ‘बाथरूमला बंदी आहे’ असं म्हणत नाही.

शिवाय सगळ्या इमारतींना एकच माप नाही. यादीत त्यांचे ग्रेड, म्हणजे वर्ग, पाडले आहेत. ग्रेड वन म्हणजे राष्ट्रीय किंवा ऐतिहासिक महत्त्वाच्या वास्तू. तिथे आतबाहेर हात लावायचा तो मजबुतीसाठी, आयुष्य वाढवण्यासाठी, आणि तोही कमीत कमी. ग्रेड टू-ए मध्ये आतले बदल आणि नवा वापर चालतो, बाहेरचे बदल तपासून घेतले जातात. टू-बी मध्ये त्याच आवारात जुन्या इमारतीशी सुसंगत असं वाढीव बांधकामही काही परिस्थितींत करता येतं. ग्रेड थ्री मध्ये आतबाहेरचे बदल, नवा वापर, विस्तार हे सर्वसाधारणपणे मान्यच असतं, आणि तिथल्या उपकरप्राप्त (म्हणजे ज्यांच्यावर दुरुस्तीसाठी उपकर घेतला जातो अशा जुन्या) इमारतींसाठी पुनर्विकासाची वाट नियमावलीतच मोकळी ठेवली आहे. संदेश पाठवणाऱ्या किती जणांना आपली इमारत कुठल्या ग्रेडमध्ये आहे हे ठाऊक असतं? मी विचारतो तेव्हा बहुतेक उत्तरं ‘हेरिटेज आहे एवढं माहीत आहे’ अशी येतात. काही इमारती तर यादीत नसतातच, नुसत्या जुन्या असतात.

आता रंग आणि गिलाव्यासाठी परवानगी कशाला, हा प्रश्न रास्त आहे. याचं उत्तर भिंतीत आहे. आपल्या जुन्या इमारती चुन्यात बांधलेल्या, सागाच्या तुळयांवर उभ्या राहिलेल्या. चुन्याचा गिलावा भिंतीतली ओल बाहेर सोडतो. त्यावर सिमेंट थापलं, वरून पाणी अडवणारा प्लास्टिकचा रंग मारला, की ओल आत कोंडते आणि भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकाला जाऊन बसते. गिरगावातल्या एका तीन मजली इमारतीच्या दुरुस्तीत मी हे जवळ उभं राहून पाहिलं आहे. मागच्या बाजूला, मोरीच्या खाली, सिमेंटचा जाड थर फोडला. मागची तुळई भिंतीत जिथे टेकली होती तिथे हाताने चुरडता येत होती. काळा, ओला भुसा निघत होता. टोकापासून हातभर पुढे तोच साग इतका टणक होता की सुताराची पटाशी उडत होती. कंत्राटदार म्हणाला, सगळी लाकडं गेली, पाडून टाका. सुतार म्हणाला, गेलंय ते फक्त टोक. त्याने कुजलेला भाग कापला, जुन्या सागाचा तेवढाच तुकडा खाचेत बसवला, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या बोल्टने आवळल्या, आणि मोरीची गळती आधी बंद करून घेतली. ती तुळई आजही भार वाहते आहे.

समितीपुढे दुरुस्तीचा प्रस्ताव जातो तेव्हा नेमकं हेच विचारलं जावं अशी अपेक्षा असते: मूळ साहित्य काय, नवं काय घालणार, काय काढणार आणि का. आर्किटेक्टने आत्ताच्या अवस्थेचे फोटो आणि नकाशे, प्रस्तावित कामाचे नकाशे जोडायचे. समिती ते तपासते, लागलं तर जागेवर जाते, शिफारस करते. परवानगी आयुक्त देतात. प्रस्ताव नीट असेल तर या चौकशीने रहिवाशांचे पैसे वाचतात. सिमेंटच्या थरावर घातलेले पैसे काही पावसाळ्यांत वाया जातात, आणि ते भरणारे रहिवासीच असतात.

दुरुस्ती होऊ शकते याची उदाहरणं शोधायला लांब जायला नको. भायखळ्याचं डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय पूर्ण दुरुस्त झालं, २००५ मध्ये युनेस्कोचा आशिया-प्रशांत विभागाचा सर्वोच्च पुरस्कार त्याला मिळाला. १९९३ पासून बंद पडलेलं रॉयल ऑपेरा हाऊस २०१६ मध्ये पुन्हा उघडलं. भायखळा स्थानकाची इमारत गाड्या चालू असताना पूर्ववत केली गेली आणि २०२२ मध्ये तिला युनेस्कोचा पुरस्कार मिळाला. दादाभाई नौरोजी रस्त्यावरच्या दुकानदारांनी तर कमानी झाकणारे आपले अवाढव्य फलक स्वतःहून आवरते घेतले. यातली पहिली तीन कामं मोठ्या निधीची होती, हे मान्य. तो मुद्दा पुढे येतोच.

‘म्हणून या पडतात’ हा या संदेशातला सगळ्यात गंभीर आरोप, कारण त्यात माणसं मेल्याचा उल्लेख असतो. ३१ ऑगस्ट २०१७ ला भेंडीबाजारात हुसैनी इमारत कोसळली, तीसहून जास्त माणसं गेली. तिचा फोटो या संदेशाला जोडलेला मी पाहिला आहे. ती इमारत वारसा समितीने अडवलेली नव्हती. म्हाडाने तिला २०११ मध्येच धोकादायक ठरवलं होतं आणि ती समूह पुनर्विकासाच्या योजनेत होती. मग पाडली का गेली नाही? घर सोडलं तर परत कधी मिळेल, मिळेल का, या शंकेने लोक हलत नाहीत, आणि तशी शंका वाटायला या शहराने त्यांना भरपूर कारणं दिली आहेत. त्या मृतांचं खापर हेरिटेजच्या माथी फोडणं हा त्यांच्यावर अन्याय आहे.

इमारती कुजण्याचं मूळ कारण जुनं आहे आणि ते पैशाचं आहे. १९४७ च्या भाडे कायद्याने भाडी १९४० च्या पातळीला बांधून ठेवली. त्या काळात भाडेकरूला संरक्षण हवंच होतं. पण पुढे पन्नास वर्षं ती जवळजवळ हलली नाहीत. १९९९ चा नवा कायदा आला, त्याने वर्षाला ४ टक्के वाढ दिली, तीही त्याच तुटपुंज्या आकड्यावर. पागडीच्या, म्हणजे सुरुवातीला एकरकमी पैसे देऊन नाममात्र भाड्याने घेतलेल्या, खोलीच्या भाड्यातून जिन्याची एक पायरीसुद्धा बदलून होत नाही. मालक हात झटकतो, भाडेकरू म्हणतो इमारत माझी नाही. मध्ये म्हाडाचं दुरुस्ती मंडळ. सुरुवातीला उपकरप्राप्त इमारतींची संख्या १९,६४२ होती. त्यातल्या वारसा यादीत असलेल्या अगदी थोड्या. बाकीच्या हजारो इमारतींना कुठलाही ग्रेड नाही आणि त्याही तशाच कुजत आहेत. यादीच दोषी असती, तर यादीबाहेरच्या इमारती ठणठणीत असायला हव्या होत्या.

काळा घोड्याजवळचं वॉटसन हॉटेल, म्हणजे एस्प्लनेड मॅन्शन, या संदर्भात अनेकदा पुढे केलं जातं. ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडहून सुटा आणून उभारलेली ही इमारत; ७ जुलै १८९६ ला ल्युमिए बंधूंची चलत्‌चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली ती इथेच. २००५ मध्ये तिचा सज्जा कोसळला, २०१९ मध्ये ती रिकामी केली. पाडावी, असा आयआयटी मुंबईचा अहवाल आला. वाचवता येईल, असं संवर्धन क्षेत्रातल्या जाणकारांनी ठामपणे मांडलं. तिची ही अवस्था समितीने परवानगी नाकारल्यामुळे झाली नाही. तिथल्या खोल्यांचं भाडं आणि लोखंडाचा गंज यांचा हिशेब कुणीच अनेक दशकं मांडला नाही, त्यामुळे झाली.

शंभर मीटरचा मुद्दा लवकर संपतो. तो नियम केंद्राच्या १९५८ च्या पुरातत्त्व कायद्यातला, २०१० च्या दुरुस्तीने आलेला: संरक्षित स्मारकापासून १०० मीटर बंदी, पुढच्या २०० मीटरमध्ये नियंत्रण. मुंबईत तो कान्हेरी, जोगेश्वरी, महाकाली, मंडपेश्वर अशा लेण्यांना लागतो. जोगेश्वरीच्या लेण्यांजवळच्या रहिवाशांची त्यामुळे झालेली कोंडी खरी आहे आणि तिच्यावर वेगळं बोलायला हवं. पण महापालिकेच्या वारसा यादीशी त्याचा संबंध नाही.

भरपाई शून्य, हेही चूक. यादीमुळे मालकाला जो एफएसआय, म्हणजे भूखंडावर मान्य असलेलं बांधकाम, वापरता येत नाही, त्याच्या बदल्यात टीडीआर, म्हणजे तो बांधकामाचा हक्क दुसरीकडे वापरण्याची मुभा, देण्याची तरतूद १९९५ पासून आहे. तो दुसऱ्या भूखंडासाठी विकता येतो. माझी तक्रार वेगळी आहे. हा मोबदला मालकाच्या हाती पडतो, आणि इमारतीत राहणाऱ्या भाडेकरूला त्याचा फायदा मिळेलच असं नाही. नियमावली स्पष्ट म्हणते की नियमित देखभाल हे मालकाचं आणि रहिवाशाचं कर्तव्य. सरकार आणि पालिका फक्त आपापल्या इमारतींपुरती जबाबदार. म्हणजे वारसा सगळ्या शहराचा आणि खर्च पाच-पंचवीस कुटुंबांचा. यादीविरुद्ध राग काढायचाच असेल तर तो इथे काढावा.

आता समिती. तिच्यावर कोण असावं हे नियमानेच ठरलं आहे: स्ट्रक्चरल इंजिनिअर, नगररचना आणि संवर्धनाचा अनुभव असलेले आर्किटेक्ट, पर्यावरणाचे जाणकार, शहराच्या इतिहासाचे अभ्यासक, सोबत पालिकेचे अधिकारी. नेमणूक राज्य सरकार करतं. तिचा शब्द अखेरचा असल्याचं जे सांगितलं जातं, ते तर वस्तुस्थितीच्या नेमकं उलट आहे. समिती सल्ला देते. आयुक्त अपवादात्मक परिस्थितीत, लेखी कारणं नोंदवून, तो बाजूला ठेवू शकतात. यादीत भर घालणं किंवा यादीतून नाव वगळणं सरकारच्या हाती आहे, आणि भर घालण्याआधी लोकांच्या हरकती-सूचना मागवाव्याच लागतात. २०१२ मध्ये शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, बीडीडी चाळी अशी शेकडो नवी नावं समितीने सुचवली तेव्हा दादरकरांनी रस्त्यावर येऊन विरोध केला, सरकारला फेरविचार करावा लागला आणि प्रस्तावित यादीला कात्री लागली. ज्या समितीचा प्रस्ताव असा मागे घ्यायला लावता येतो, तिला सर्वशक्तिमान कसं म्हणायचं? मला तर ती दुबळी वाटते.

‘इंग्रजांच्या खुणा’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागतं. वाळकेश्वरची बाणगंगा इंग्रजांची आहे? गांधीजींचं मणिभवन? छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसच्या दगडातले मोर, माकडं, पानंफुलं जे. जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांनी घडवली. त्या कामावर सीताराम खंडेराव हे सहायक अभियंता होते. राजाबाई टॉवरला पैसा व्यापारी प्रेमचंद रायचंदांचा. फोर्टमधल्या १९३६ च्या न्यू इंडिया ॲश्युरन्स इमारतीचे वास्तुकार मास्टर, साठे आणि भुता. तिच्या दर्शनी भिंतीवरचे शेतकरी आणि विणकर शिल्पकार ना. ग. पानसरे यांच्या हातचे. ओव्हल मैदानासमोरचं एम्प्रेस कोर्ट आणि मरीन ड्राइव्हचं सूना महल वास्तुकार गजानन बाबूराव म्हात्रे यांचं. ही आपल्या माणसांची कामं आहेत. २०१८ मध्ये युनेस्कोने ओव्हलभोवतीचा गॉथिक आणि आर्ट डेको या शैलींतल्या इमारतींचा समूह जागतिक वारसा म्हणून मान्य केला, त्यात ९४ इमारती आहेत. त्यासाठी वर्षानुवर्षं पाठपुरावा करणाऱ्यांत तिथल्या रहिवासी संघटना होत्या, आणि त्या घरांत आजही संसार चालू आहेत.

संदेशातली एक गोष्ट मात्र मी खोडणार नाही: वेळ लागतो. गळक्या छताची फाइल महिनोन्‌महिने फिरली तर तो पावसाळा तसाच काढावा लागतो. छप्पर, गळती, टेकू, कुजलेल्या तुळईचं टोक अशा कामांसाठी ठरावीक दिवसांत उत्तर मिळण्याची सक्ती हवी, अर्ज आणि समितीचं इतिवृत्त मराठीत हवं, आणि चुन्याचं काम जाणणाऱ्या गवंड्यांची यादी प्रत्येक वॉर्डात मिळायला हवी. सोसायटीच्या पुढच्या सभेत यादी रद्द करण्याचा ठराव येणार असेल, तर त्याआधी आपला ग्रेड पालिकेच्या यादीत पाहून घ्या, स्ट्रक्चरल ऑडिट संवर्धनाचं काम केलेल्या इंजिनिअरकडून करून घ्या, आणि मागच्या मोऱ्यांची गळती या उन्हाळ्यातच बंद करा.