भांडुपला उतरायचं नाही

कंटाळा आला म्हणून भांडुपला उतरलेला ठाणेकर तुम्ही कधी पाहिलाय? नाही ना? मग पुस्तक मध्येच सोडायचा विचार तुमच्या मनात आलाच कसा! सीएसएमटीला एकदा धीम्या गाडीत शिरलं की कितीही रेटारेटी होवो, चौथ्या सीटवर निम्मं अंग हवेत लोंबकळो, ठाणं येईपर्यंत हूं की चूं करायचं नाही. पुस्तकाचंही तेच. फरक एवढाच, की गाडी तासाभरात पोचते आणि तुमची कादंबरी गेले चौदा महिने पान ६३ वर उभी आहे, पुढे सिग्नल नसल्यासारखी.

तुम्ही म्हणाल, जमतच नाहीये हो. तिसऱ्या प्रकरणापासून नायक खिडकीत उभा आहे आणि बाहेर पाऊस पडतोय. पडू दे की. आपल्याकडेही जून ते सप्टेंबर पडतो, आपण ठाणं सोडतो का? समर्थांनी ‘अखंडित’ वाचायला सांगितलंय. त्याच्या आधी ‘प्रसंगी’ असाही एक शब्द आहे खरा, पण तो कशाला लक्षात ठेवायचा?

शिवाय पैसे गेलेत. २०१० च्या डिसेंबरात ठाण्यात ८४ वं साहित्य संमेलन भरलं होतं. तेव्हा घेतलेलं एक पुस्तक माझं अजून ‘चालू’ आहे. दहा टक्के सवलतीत मिळालं होतं, म्हणून शेवटची दहा टक्के पानं सोडायची मुभा मी स्वतःला दिली आहे, पण तिथवर पोचायला हवं. हॅल आर्केस आणि कॅथरीन ब्लूमर या मानसशास्त्राच्या अभ्यासकांनी १९८५ साली एक प्रयोग छापला. ओहायो विद्यापीठाच्या नाट्यगृहाची सीझन तिकिटं काढायला आलेल्या काहींना पूर्ण १५ डॉलरला तिकीट दिलं, काहींना ध्यानीमनी नसताना सवलत दिली. हंगामाच्या पहिल्या अर्ध्यात पूर्ण पैसे मोजलेल्यांनी जास्त नाटकं पाहिली. नाटकं तीच! गेलेले पैसे बसून राहिल्याने परत येत नाहीत, असं त्या दोघांचं म्हणणं. गडकरी रंगायतनला एकदा येऊन बसा म्हणावं. पहिला अंक कितीही रटाळ होवो, मध्यंतरात बटाटावडा खाऊन आपली माणसं दुसऱ्या अंकाला जागेवर हजर. (वड्याचे पैसे वेगळे गेलेले असतात, म्हणजे आता तर उठायचा प्रश्नच नाही.)

कुणी तुम्हाला नॅन्सी पर्लबाईंचा नियम ऐकवेल. सिएटलच्या या ग्रंथपाल बाई म्हणतात, पन्नास पानं वाचा, नाही आवडलं तर सोडा. आणि वय पन्नाशीपुढे गेलं असेल तर शंभरातून वय वजा करा, उरतील तेवढीच पानं वाचा. म्हणजे बहात्तरीच्या आजोबांनी २८ पानांत निकाल लावायचा, कारण हातात वेळ थोडा. तलावपाळीच्या कठड्यावर संध्याकाळी बसलेल्या आजोबांना हे सांगून बघाच. ‘वेळ थोडा’ हे ऐकून ते तुम्हालाच तासभर बसवून घेतील.

खरं सांगू का, पैशाचं निमित्त असतं. आपण ते पुस्तक हातात घेतलेलं लोकांनी पाहिलेलं असतं, ही खरी गोम. चहाचा कप, चष्मा आणि पुस्तक असा फोटो स्टेटसला टाकून झालाय. बी विंगमधले काका लिफ्टमध्ये भेटले की विचारतात, “संपलं का हो?” तेव्हा गडबडायचं नाही. सावकाश म्हणायचं, “चालू आहे. रवंथ करत वाचायचं पुस्तक आहे ते.” काका मान डोलावतात. त्यांनीही ते घेतलेलं असतं आणि त्यांचाही रवंथच चालू असतो.

तोवर दुसरं पुस्तक उघडायचं नाही, हे पथ्य महत्त्वाचं. घरात चार नवी कोरी पुस्तकं प्लास्टिकच्या वेष्टनात घुसमटतायत, घुसमटू द्या. आधीचं संपल्याशिवाय त्यांचा नंबर नाही. रात्री साडेअकराला चालू पुस्तक उशाशी ठेवायचं, त्याला हात लावून नमस्कार करायचा आणि तासभर रील्स बघायच्या. रील तीन सेकंदांत आवडली नाही तर अंगठ्याने वर ढकलली तरी चालते. तिथे समर्थ आडवे येत नाहीत.

या बाबतीत आपल्या वाडवडिलांनी मात्र एक पळवाट काढून ठेवली आहे. ठाण्यात मराठी ग्रंथ संग्रहालय १८९३ साली सुरू झालं, म्हणजे सव्वाशे वर्षांहून जास्त काळ या गावातली माणसं ‘पुस्तक बदलून आणतो’ म्हणत घराबाहेर पडतायत. शब्द नीट ऐका. वाचून नाही, बदलून! तुम्ही असल्या क्रियापदाच्या नादी लागू नका. हवं तर पूर्वसुरींचा अभ्यास तेवढा करा. लायब्ररीचा एखादा ठोकळा मिटून उजेडात धरा आणि पानांची कड बघा. सुरुवातीची पानं बोटांनी, घामाने, कुणाच्या तरी मिसळीच्या तर्रीने मळलेली. मग एका जागी रेघ ओढल्यासारखी कड एकदम पांढरी होते. ती गावाची वेस. हेच मोजायला जॉर्डन एलनबर्ग या अमेरिकी गणितज्ञाला २०१४ साली किंडलवरची ई-पुस्तकं लागली. वाचकांनी कुठल्या पानांवरच्या ओळी सर्वांत जास्त अधोरेखित केल्या, त्यावरून वाचक पुस्तकात किती टक्क्यांपर्यंत पोचतात, याचा त्याने गमतीगमतीत अंदाज बांधला. स्टीफन हॉकिंग यांचं काळाच्या इतिहासावरचं पुस्तक निघालं ६.६ टक्क्यांवर, थॉमस पिकेटी यांचा भांडवलावरचा ग्रंथ २.४ वर. आपल्याला तर्री पुरते.

गेल्या पावसाळ्यात घराजवळच्या एका लायब्ररीतून मीही असंच सहाशे पानी आणलं. वेस पान १०४ ला होती. समासात कुणाची तरी पेन्सिल: पान ९ ला ‘सुंदर!’, पान ४० ला ‘वा’, ८८ ला ‘हे आधी येऊन गेलंय’, त्यापुढे पेन्सिल गप्प. पान १३१ वर ठाणे–वाशी रिटर्न तिकीट खुणेला ठेवलेलं सापडलं. कुणी एक वीर इथवर आला होता. परतीच्या प्रवासात त्याने पुस्तक उघडलेलं दिसत नव्हतं. मला स्फुरण चढलं. मी १४० पर्यंत गेलो. मग चार वेळा मुदत वाढवून घेतली, दोनदा दंड भरला, आणि शेवटी मान ताठ ठेवून पुस्तक काउंटरवर ठेवलं.

“संपलं?” ताईंनी विचारलं.

“हो तर! शेवट काय बांधलाय, वा!”

ताईंनी मागचा पुठ्ठा उघडला, तारखेच्या चिठ्ठीवर शिक्का मारला आणि शिवण बोटाने चाचपत म्हणाल्या, “याचा शेवटचा फर्मा कधीच गळालाय. सोळा पानं नाहीत यात. तुम्ही नेलंत तेव्हाच सांगणार होते, पण म्हटलं तिथवर कोण जातंय.”