कारखान्यातली हवा पास कशी करावी

अभिनंदन. रिअ‍ॅक्टर, बॉयलर, कँटीन आणि दीडशे कंत्राटी माणसं यांच्यासकट एक केमिकल कारखाना तुमच्या ताब्यात आला आहे. आता वर्षातून एक-दोनदा माझ्यासारखा एखादा केमिस्ट पाठीला सॅक लावून, हातात काचेच्या नळ्यांचा डबा घेऊन गेटवर उभा राहील आणि म्हणेल, कामाच्या जागेची हवा तपासायची आहे. घाबरू नका. बावीस वर्षं याच धंद्यात काढल्यामुळे हवा कशी मोजतात ते मला कळतं, आणि ती कशी मोजू देत नाहीत ते त्याहून चांगलं कळतं. यातलं दुसरं ज्ञान आज फुकट वाटतो आहे.

केमिस्ट आल्या आल्या त्याला चहा पाजा. हे वाटतं तितकं किरकोळ नाही. तुमच्याकडे बॅच चार्जिंग सकाळी साडेनऊला होतं. ड्रमची झाकणं उघडतात, मॅनहोलमधून टोल्यूइन नावाचं सॉल्व्हंट सोडतात, ऑपरेटर वर वाकून पोती ओततो. दिवसभरातला खरा वास तेवढ्या तासाभरात येऊन जातो. म्हणून साडेनऊला चहा, मग पोहे, मग व्हिजिटर पास, मग रजिस्टरवर सही आणि शेवटी चाळीस मिनिटांचा सुरक्षेचा व्हिडिओ. सुरक्षेचा व्हिडिओ आहे म्हटल्यावर कुणाची तक्रार करायची हिंमत आहे? केमिस्ट प्लांटवर पोहोचेपर्यंत रिअ‍ॅक्टर बंद, फरशी धुतलेली आणि एरवी वीजबिलासाठी झोपवलेला एक्झॉस्ट ब्लोअर घरघरत असलेला.

मग तो पंप काढेल. जेवणाच्या छोट्या डब्याएवढी वस्तू. ती कामगाराच्या पट्ट्याला अडकवायची, नळी खांद्यावरून घ्यायची आणि कोळशाची बारीक ट्यूब कॉलरला, नाकापासून फुटाभराच्या आत. माणूस जी हवा ओढतो तीच पंपाने ओढावी, एवढाच त्यामागचा विचार. त्यामुळे पंप कोणाला लावायचा हा निर्णय केमिस्टवर सोडू नका. स्टोअरकीपर उत्तम. गेटवरचा वॉचमन त्याहून उत्तम, त्याच्याकडे तर समुद्राकडचा वारा येतो. ऑपरेटरलाच लावायचा हट्ट केमिस्टने धरला, तर ऑपरेटरला त्या दिवसापुरतं पॅकिंगला बसवा. रिपोर्टवर 'ऑपरेटर' असंच छापून येईल. खोटं कुणी बोललं?

वेळेचीही काटकसर करा. पंप मिनिटाला 200 मिलिलिटर हवा ओढतो, म्हणजे दहा मिनिटांत दोन लिटर. दोन लिटर हवेतून कोळशावर जे काही चिकटतं, ते कार्बन डायसल्फाइडने धुऊन गॅस क्रोमॅटोग्राफमध्ये घातलं तरी बऱ्याचदा यंत्राच्या नजरेत भरत नाही. तेव्हा रिपोर्टमध्ये तीन सोन्याची अक्षरं येतात : बीडीएल. पकडीच्या मर्यादेखाली. याचा अर्थ 'आम्हाला दिसलं नाही' असा होतो. तुम्ही मात्र तो 'तिथे नाही' असा वाचायचा आणि फ्रेम करून लॉबीत लावायचा. झाकली मूठ सव्वा लाखाची, ती ही.

आणखी एक युक्ती खास तुमच्यासाठी. बॉयलरपाशी कार्बन मोनॉक्साइडची तपासणी करायची असेल, तर ऑर्डरमध्ये 'चारकोल ट्यूब' असं स्पष्ट लिहा. तो वायू कोळशावर धरतच नाही. वर्षानुवर्षं शून्य येईल. प्रामाणिक केमिस्ट यावर वाद घालतो. असा केमिस्ट पुढच्या वर्षी बोलवायचा नसतो. कोटेशन मागवायची पद्धत त्यासाठीच आहे.

आता थोडं कायद्याचं, कारण इन्स्पेक्टरसमोर आकडे फेकता आले पाहिजेत. 2025 पर्यंत लागू असलेल्या कारखाने अधिनियमाची दुसरी अनुसूची, म्हणजे कामाच्या हवेतल्या विषारी वायूंच्या मर्यादा, पाठ करा : क्लोरीन 1 पीपीएम, हायड्रोजन सल्फाइड 10, अमोनिया 25, टोल्यूइन 100. पीपीएम म्हणजे दहा लाखांत एक भाग. हे आकडे आठ तासांच्या सरासरीचे आहेत, आणि खरी गंमत त्या आठ तासांत आहे. तुमच्याकडे शिफ्ट बारा तासांची. ब्रीफ आणि स्कॅला नावाच्या दोघांनी मांडलेला एक हिशेब आहे. माणूस बारा तास विष ओढतो आणि ते बाहेर टाकायला त्याला सोळाऐवजी बाराच तास मिळतात, म्हणून मर्यादा निम्मी धरावी. दहाचे पाच. हे प्लांटमध्ये कुणाला सांगू नका. ओव्हरटाइमचा विषय निघेल.

भिंतीवरच्या गॅस डिटेक्टरवर खर्च झालेलाच असेल, तर निदान तो नीट बसवा. क्लोरीन हवेच्या जवळजवळ अडीचपट जड, तो जमिनीलगत, खड्ड्यात, पायऱ्यांखाली साचतो. म्हणून त्याचा डिटेक्टर छताजवळ लावावा. तिथे कुणाचा धक्का लागत नाही. अमोनिया हलका, वर जातो. त्याचा डिटेक्टर पायाशी. आतला सेन्सर दोन-तीन वर्षांत मरतो, पण बदलायची घाई करू नका. जिवंत सेन्सर कधीतरी बोंबलतो, मेलेला कायम शून्य दाखवतो. व्यवस्थापनाला यापेक्षा समजूतदार कर्मचारी कुठे मिळणार?

खरं तर एवढी यंत्रं हवीतच कशाला? आपल्या लोकांना नाक आहे. रसायनशास्त्रात ही परंपरा जुनी आहे. कार्ल शेलेने 1774 मध्ये क्लोरीन शोधला, पुढे हायड्रोजन सायनाइड वेगळं काढलं, आणि त्याची चवसुद्धा लिहून ठेवली. त्रेचाळिसाव्या वर्षी गेला, पण नोंदी व्यवस्थित होत्या. भोपाळच्या कारखान्यातही मिथाइल आयसोसायनेटची गळती कामगारांना डोळे चुरचुरले की कळायची. 2 डिसेंबर 1984 च्या रात्रीही आधी डोळेच चुरचुरले होते. त्यानंतर 1987 मध्ये कायद्यात एक अख्खं नवं प्रकरण घातलं गेलं. धोका दिसला तर कामगाराने वरिष्ठांना सांगावं, हा त्याचा हक्क, असंही त्यात लिहिलं होतं. ते कलम तुमच्याकडे इंग्रजीत, नोटीस बोर्डाच्या काचेआड, दिवाळी बोनसच्या परिपत्रकाखाली लावलेलं असेलच.

नाकाबद्दल फक्त एक गोष्ट सांगून ठेवतो. हायड्रोजन सल्फाइडला सडक्या अंड्याचा वास येतो आणि तो पीपीएमच्या शंभराव्या हिश्श्यालाही कळतो. इतकं हुशार नाक 100 पीपीएमच्या आसपास काही मिनिटांत बधिर होतं. वास थांबतो, वायू थांबत नाही. पण सुपरवायझर म्हणतो, 'वास गेला, उतर आता.'

आणि माणूस ईटीपीच्या, म्हणजे सांडपाण्याच्या प्लांटच्या, सम्पमध्ये उतरतो.

इथे माझी उपरोधाची गाडी जरा अडखळते, पण सल्ला देतोच. सम्प म्हणजे काँक्रीटची बारा-पंधरा फूट खोल टाकी, तळाशी गाळ, वर दोन फुटी झाकण. गाळ शांत असतो तोपर्यंत वायू त्यात दबून असतो. फावडं मारलं की सुटतो. एका ठिकाणी झाकणापाशी माझी ट्यूब, वायू लागला की रंग बदलणारी, जेमतेम रंगली. 'बघा, काही नाही,' असं म्हणत तिथल्या साहेबांनी परमिटवर सही केलीसुद्धा. मी लांब रबरी नळी तळापर्यंत सोडली, गाळ बांबूने ढवळायला सांगितला आणि हातपंप एकदा दाबला. एकाच स्ट्रोकला ट्यूब या टोकापासून त्या टोकापर्यंत तपकिरी झाली. आकडा वाचायला ट्यूबच उरली नाही. तेव्हा तुम्हाला कळकळीने सांगतो, मोजायचं तर झाकणापाशी मोजा, ढवळू नका, नळी आखूड आणा. आणि आत पहिला कोसळला की दुसरा त्याला काढायला उतरेल, दुसऱ्यासाठी तिसरा. तुमच्या कारखान्यात एकमेकांवर इतका जीव आहे, हे एचआरला जरूर कळवा.

राहिला आरोग्याचा भाग. शिफ्ट सुटताना गुळाचा खडा वाटा. गुळाने छाती साफ होते ही श्रद्धा गिरणीपासून केमिकलपर्यंत सगळीकडे आहे, आणि खडा हवा धुणाऱ्या स्क्रबरपेक्षा फारच स्वस्त पडतो. सॉल्व्हंटच्या वाफेसाठी धुळीचा पांढरा मास्क द्या. वाफ त्यातून आरपार जाते, पण फोटो छान येतो.

गेल्या पावसाळ्यात अशाच एका आदर्श प्लांटमध्ये दिवसभर सॅम्पलिंग केलं. सगळं तुम्हाला सांगितलं तसंच झालं, चहा, पोहे, व्हिडिओ, पॅकिंगला बसवलेला ऑपरेटर. संध्याकाळी त्याच्या कॉलरवरून ट्यूब काढली, दोन्ही टोकांना टोप्या लावल्या, नंबर लिहिला. नांदेडकडचा पोरगा होता. शर्टाची कॉलर नीट करत त्याने विचारलं,

"साहेब, परत कधी येणार?"

"का रे?"

"काही नाही. तुम्ही असता त्या दिवशी ब्लोअर चालू असतो."