‘पुस्तकी भीती’ म्हणणाऱ्या वाचकांस

“व्यासाच्या १० टक्के बिजागरी ठेवली की झाड हवं तिथे पडतं, थंडी असो वा ऊन. लेखक पुस्तकं वाचून घाबरलेले दिसतात. या रविवारी मी ६० सेंटिमीटरचा कललेला स्प्रूस एकटा पाडणार आहे.” गोठलेली झाडं कशी पाडावीत यावरच्या माझ्या लेखावर ही तुमची प्रतिक्रिया. (बिजागरी म्हणजे पुढची खाच आणि मागचा काप यांच्यामध्ये न कापता सोडलेली लाकडाची पट्टी.)

मतभेद असू द्यात हो, पण ‘घाबरलेले दिसतात’ ही कुठली भाषा? उमेदीची वर्षं मी बर्फात लाकूडतोडीच्या टोळीत काढली आहेत. पुस्तकं नंतर हातात आली. आणि पुस्तकं वाचली तर बिघडलं काय?

करवतीच्या तेलाचं तुमचं मात्र बरोबर. गारठ्यात ते घट्ट होतं, हिवाळी तेल वापरावं. हे लेखात यायला हवं होतं.

आता ते १० टक्के. म्हणजे तुमच्या झाडाला ६ सेंटिमीटर. हा आकडा वाकणाऱ्या लाकडाचा आहे. झाड पडताना बिजागरी वाकते, म्हणून ते दिशा सोडत नाही. ओलं लाकूड गोठलं की वाकायच्या आधी तुटतं. पाडून झाल्यावर बुंधा कधी न्याहाळलाय? उबदार दिवसात तिथे लांब तंतू उपसून उभे राहिलेले दिसतात. कडाक्याच्या थंडीत तीच जागा मोडलेल्या खडूसारखी, आखूड आणि सपाट. ६ सेंटिमीटर मोजून ठेवलेत, पण ते मध्येच तुटले तर मोजून उपयोग काय?

म्हणून मी पुढची खाच ७० ते ९० अंशांची, रुंद घ्या म्हटलं होतं. ४५ अंशांची खाच झाड अर्ध्यात असतानाच मिटते आणि बिजागरी तोडते. गोठलेल्या लाकडात तर विचारूच नका. बाजूला कललेलं झाड निव्वळ बिजागरीच्या भरवशावर ओढून आणायचं, हा धंदा थंडीत करू नये. त्यात एका अंगाला बर्फ साचला असेल, तर कल डोळ्यांना दिसतो त्याहून जास्त असतो. कलाच्या दिशेनेच पाडा, नाहीतर दोर आणि विंच (दोर ओढायचं यंत्र) लावा. तेही जमत नसेल तर थांबा. झाड कुठे पळून जात नाही.

पाचर, साखळीचे दात, लेखाची लांबी यांवरच्या तुमच्या टोमण्यांना उत्तर देत बसत नाही. गोठलेल्या कापातून पाचर उसळून बाहेर येते, कापात चिमूटभर भुसा टाकला की धरते, एवढं लेखात होतंच. वाचलं असतं तर सापडलं असतं.

रविवारी जाणारच असाल, तर मागे तिरकी पळवाट आधी बर्फ तुडवून मोकळी करा. आणि एकटे जाऊ नका. सोबत्याला झाडाच्या दुप्पट उंचीइतकं लांब उभं करा.